शेतकरी कंपनी: अनुदान संपलं, अध्यक्ष बदलले, आता पुढं काय? संचालक आणि सभासदांसाठी सविस्तर माहिती

गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्या तालुक्यांत शेतकरी उत्पादक कंपन्यांचे बोर्ड गावोगावी लागले. काही ठिकाणी काटा सुरू आहे, गोदाम आहे, हंगामात ट्रॉल्यांची रांग लागते. काही ठिकाणी मात्र नुसता बोर्ड उरलाय आणि शटरवर कुलूप आहे. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "पैसा नव्हता हो." पण नीट चौकशी केली की कळतं, बहुतेक कंपन्या बदलाच्या वेळी अडकल्या. अनुदान संपलं, सीईओ सोडून गेला, अध्यक्ष बदलले किंवा नवं यंत्र आणलं, आणि तिथंच गाडा रुतला.

मी स्वतः अशाच एका कंपनीचा सभासद आहे, दोन वर्षं संचालकही होतो. म्हणून या लेखात नियम तर आहेतच, पण आमच्याकडून जिथं चुकलं तेही लिहिलंय. ज्यांच्या कंपनीची वार्षिक सभा जवळ आली असेल त्यांनी जरूर वाचावं.

शेतकरी कंपनी म्हणजे नेमकं काय?

अर्थतज्ज्ञ वाय. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून २००२ च्या दुरुस्तीनं कंपनी कायद्यात 'उत्पादक कंपनी' हा प्रकार आला. पुढं २०२० च्या दुरुस्तीनं तो २०१३ च्या कंपनी कायद्यात घेतला गेला. कलम ३७८ ए ते ३७८ झेडयू यात सगळे नियम आहेत. सोप्या भाषेत सांगायचं तर धंदा कंपनीसारखा, मालकी सहकारासारखी.

- किमान १० शेतकरी एकत्र आले तर कंपनी नोंदवता येते.
- वैयक्तिक सभासदांच्या कंपनीत एका सभासदाला एकच मत. शेअर १० असोत की १,०००, मत एकच.
- संचालक किमान ५, जास्तीत जास्त १५.
- बाहेरच्या व्यापाऱ्याला किंवा गुंतवणूकदाराला या कंपनीचे शेअर घेता येत नाहीत.
- राजकीय पक्षाला देणगी देता येत नाही.

केंद्राची १०,००० शेतकरी उत्पादक संस्थांची योजना २९ फेब्रुवारी २०२० रोजी सुरू झाली. तरतूद ६,८६५ कोटी रुपयांची. आपल्यासारख्या सपाट भागात किमान ३०० सभासदांची अट आहे. योजनेतून कंपनीला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १८ लाख रुपये मिळतात. सभासदानं भरलेल्या भागभांडवलाइतकंच, सभासदामागं २,००० रुपयांपर्यंत आणि कंपनीला १५ लाखांपर्यंत, समभाग अनुदानही आहे. २४ फेब्रुवारी २०२५ रोजी बिहारमधल्या भागलपूरच्या कार्यक्रमात १०,००० चा टप्पा पूर्ण झाल्याचं जाहीर झालं.

म्हणजे कंपन्या काढायचं काम झालं. आता प्रश्न त्या चालवायचा आहे.

तिसरं वर्ष संपल्यावरचा हिशेब

योजनेत सीईओच्या पगारासाठी महिना २५,००० आणि अकाउंटंटसाठी १०,००० रुपयांपर्यंत धरलेत. म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार. तीन वर्षं हा पगार अनुदानातून जातो. चौथ्या वर्षी तो कुठून जाणार, हा प्रश्न पहिल्याच वर्षी बैठकीत यायला पाहिजे. आमच्याकडं तो तिसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत आला. तेव्हा तूर संपत आली होती आणि सीईओ दुसरीकडं नोकरी बघत होता.

हिशेब अवघड नाही. समजा कंपनीला सोयाबीनमागं सगळा खर्च जाऊन क्विंटलला ५० रुपये सुटतात. तर नुसत्या दोन पगारांसाठी ८,४०० क्विंटल माल काट्यावर यायला पाहिजे. सभासद ३०० असतील तर प्रत्येकी २८ क्विंटल. एकरी ७ क्विंटलचा उतारा धरला तर प्रत्येक सभासदानं चार एकरांचं सगळं सोयाबीन कंपनीलाच घालायचं. लाइट बिल, गोदामभाडं, ऑडिटची फी अजून यात धरलेली नाही.

हा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. पण त्यावरून दोन गोष्टी कळतात. एक, नुसत्या सोयाबीन खरेदीवर कंपनी चालत नाही. बियाणं, खत, औषधं, हरभरा, तूर, गोदामभाडं असं वर्षभराचं काम पाहिजे. दुसरं, सभासद नुसते कागदावर असून उपयोग नाही, माल घेऊन येणारे पाहिजेत. ही दोन्ही कामं म्हणजे बदल आहे, आणि बदल सांभाळणं हे नेतृत्वाचं काम आहे.

कुणाचं काम काय? इथंच सगळ्यात जास्त गोंधळ

आपल्याकडं अध्यक्ष म्हणजेच कंपनी असं धरलं जातं. काटा तेच लावणार, व्यापाऱ्याला फोन तेच करणार, बँकेत तेच जाणार. माणूस चांगला असला की कंपनी चालते. तो आजारी पडला की बंद. कायद्यात मात्र कामं वाटून दिलीत.

*सर्वसाधारण सभा (म्हणजे आपण सगळे):* अंदाजपत्रकाला मंजुरी, वार्षिक हिशेब मंजूर करणं, सभासदांना द्यायचा बोनस ठरवणं, संचालकांना कर्ज द्यायचं तर त्याच्या अटी आणि मर्यादा ठरवणं. हे अधिकार सभेचेच आहेत, संचालक मंडळाचे नाहीत. सभेची नोटीस किमान १४ दिवस आधी पाहिजे आणि एकूण सभासदांपैकी किमान एक चतुर्थांश हजर पाहिजेत. ३०० सभासद असतील तर ७५ माणसं. घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या घेतल्या म्हणजे सभा झाली, असं होत नाही.

*संचालक मंडळ:* धोरण ठरवणं, सीईओ नेमणं, हिशेबावर नजर ठेवणं. तीन महिन्यांतून किमान एकदा आणि वर्षात किमान चार बैठका झाल्याच पाहिजेत. संचालकाची मुदत कंपनीच्या नियमावलीप्रमाणं एक ते पाच वर्षं. आणि हे नीट वाचा: कायदा किंवा नियमावली मोडणाऱ्या ठरावाला संचालकानं मत दिलं आणि त्यातून कंपनीचं नुकसान झालं, तर ते भरून देण्याची जबाबदारी अशा संचालकांवर एकत्रित आणि वैयक्तिकही येते. "मी नुसती सही केली" हे उत्तर चालत नाही. मी दोन वर्षं नुसत्या सह्याच केल्या, म्हणून सांगतोय.

*सीईओ:* पूर्णवेळ पाहिजे आणि तो कंपनीच्या सभासदांपैकी नसावा, असं कायद्यात आहे. अध्यक्षांचा पुतण्या स्वतः सभासद असेल तर त्याला सीईओ करता येत नाही. रोजचा कारभार, रोख आणि मालमत्तेची काळजी, हिशेबाच्या वह्या, बैठकीची सात दिवस आधी नोटीस हे सगळं त्याचं काम. तो पदसिद्ध संचालकही असतो.

*तज्ज्ञ संचालक:* एकूण संचालकांच्या एक पंचमांशपर्यंत बाहेरचे जाणकार घेता येतात. निवृत्त बँक मॅनेजर, कृषी अधिकारी, हिशेब कळणारे शिक्षक अशी माणसं आपल्या गावांत असतात. पण ही तरतूद फार कमी कंपन्या वापरतात.

आणंदला काय केलं होतं?

कामाची ही वाटणी कागदापुरती नाही. देशातल्या सगळ्यात मोठ्या उदाहरणात तीच दिसते. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्याचा दूध संघ, ज्याला आपण अमूल म्हणून ओळखतो, १४ डिसेंबर १९४६ ला नोंदला गेला. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल, शेतकऱ्यांनी निवडून दिलेले. वर्गीस कुरियन १९४९ मध्ये सरकारी नोकरीनिमित्त आणंदला आले आणि नंतर संघाचे व्यवस्थापक झाले. गावागावांत फिरून शेतकऱ्यांचा विश्वास सांभाळायचं काम पटेलांचं, डेअरी चालवायचं काम कुरियन यांचं. दोघं एकमेकांच्या कामात घुसले नाहीत.

त्यांच्यापुढचा बदलही मोठा होता. हिवाळ्यात दूध वाढायचं, पण मुंबईला जाणारं दूध ठरावीकच. उरलेल्याचं करायचं काय? म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असं तेव्हा परदेशी जाणकार सांगायचे. एच. एम. दलाया या अभियंत्यानं ती करून दाखवली आणि १९५५ मध्ये आणंदला पावडरचा कारखाना सुरू झाला. तांत्रिक माणसाला मोकळीक होती आणि मागं शेतकऱ्यांचा माणूस खंबीर उभा होता. आपल्या कंपन्यांत नेमकं उलटं होतं. सीईओला बारदाना घ्यायचा तरी अध्यक्षांना फोन, आणि अध्यक्षांना सभासदांच्या घरी जायला सवड नाही.

आमच्या चाळणी यंत्राची गोष्ट

आता घरचं उदाहरण. आमच्या कंपनीनं माल स्वच्छ करून प्रत लावायचं यंत्र आणलं. निर्णय चुकीचा नव्हता. अध्यक्ष धडपडे होते, पदरचं पेट्रोल घालून फाइलमागं फिरले. यंत्र आल्यावर नारळ फुटला आणि त्यांनी भाषणात सांगितलं, "स्वच्छ मालाला क्विंटलमागं अडीचशे रुपये जादा मिळणार." टाळ्या झाल्या. आम्ही संचालकही टाळ्या वाजवत होतो.

हंगामात शेतकरी १०० किलो घेऊन आला. यंत्रातून ९६ किलो निघालं, ४ किलो मातेरं. पट्टीवर ९६ दिसलं आणि वरून यंत्राचे ३० रुपये कापलेले. बाहेर कट्ट्यावर चर्चा सुरू झाली, "व्यापारी कडता घेत होता, आता ही आपलीच कंपनी चार किलो खाते." पंधरा दिवसांत ट्रॉल्या परत अडतीकडं वळल्या.

खरा हिशेब काय होता? समजण्यासाठी आकडे धरू. अडतीवर न चाळलेला माल ४,३०० रुपये क्विंटल. स्वच्छ माल ४,५५०. म्हणजे ९६ किलोचे ४,३६८ रुपये, त्यातून ३० गेले, हातात ४,३३८. फायदा ३८ रुपये आणि मातेरं घरी. दर अडीचशेनं जास्त हे खरं, पण शेतकऱ्याच्या हातात जादा पडणार होते ३८. भाषणात अडीचशे सांगितले आणि ३८ मिळाले म्हणून माणसांना फसल्यासारखं वाटलं. आधीच ३८ सांगितले असते तर कुणी नाराज झालं नसतं. शंभर क्विंटलला ३,८०० रुपये काही कमी नाहीत.

पुढच्या हंगामात एका जुन्या सभासदानं मार्ग काढला. ते म्हणाले, "पोरांनो, भाषण करू नका. माझं एक पोतं सगळ्यांसमोर चाळा." मग पोतं आधी मोजलं, चाळलं, परत मोजलं, मातेरं त्यांच्याच पोत्यात बांधून दिलं. फळ्यावर दोन्हीकडचा हिशेब लिहिला. पट्टीतही तीन ओळी वेगळ्या केल्या: आलेलं वजन, स्वच्छ वजन, परत दिलेलं मातेरं. यंत्र तेच, दर तेच. तेव्हा कुठं लोक हळूहळू परत यायला लागले. सगळे नाही आले, काही अजूनही अडतीवरच जातात.

मोहाडीकडून घेण्यासारखं

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स बहुतेकांनी ऐकलीय, काहींनी शिवारफेरीत पाहिलीय. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडल्यावरून युरोपात भारतीय द्राक्षांची मोठी अडवणूक झाली. निर्यात करणाऱ्यांना जबर फटका बसला. त्याच सुमारास विलास शिंदे आणि त्यांच्यासोबतच्या द्राक्ष बागायतदारांनी शेतकरी कंपनीचा मार्ग धरला. पुढं द्राक्षासोबत टोमॅटो आणि इतर फळं-भाज्या, त्यावरची प्रक्रिया असा पसारा वाढला.

२०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. पण शेतकरी कंपनीत बाहेरच्याला शेअर घेता येत नाहीत, मग हे कसं जमलं? काढणीनंतरच्या कामासाठी वेगळी उपकंपनी होती, गुंतवणूक तिच्यात आली. शेतकऱ्यांची मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली.

आपण काही सह्याद्री नाही, आणि कोरडवाहू सोयाबीनचं गणित द्राक्षाचं नाही. तिथली इमारत बघून येऊन तशीच इमारत मागण्यात अर्थ नाही. घ्यायचं ते एवढंच: फटका बसल्यावर त्यांनी धंद्याची रचना बदलली, आणि पैसा आणताना मालकी कुणाकडं राहील हे आधी ठरवलं.

बदल करायचा असेल तर क्रम असा ठेवा

१. *आधी हिशेब, मग कल्पना.* नवं काम कशासाठी, किती क्विंटलला परवडतं, शेतकऱ्याच्या हातात किती पडणार, हे एका पानावर लिहा. हातात पडणारा आकडा कमीच धरा.

२. *विरोध नोंदवा.* बैठकीत एखादा संचालक "नको" म्हणाला तर त्याचं कारण इतिवृत्तात लिहा. त्याला गप्प बसवलं तर तोच पारावर जाऊन बोलतो, आणि तिथं उत्तर द्यायला कुणी नसतं.

३. *लहान करून बघा.* एक हंगाम, एक-दोन गावं, २५-३० शेतकरी. फसलं तरी कंपनी बुडत नाही.

४. *वाडीवर जा.* सभेत येतात ते नेहमीचेच. माल वाळवणं, निवडणं, पोती भरणं बायका करतात, पण सातबारा पुरुषाच्या नावावर म्हणून सभासदही पुरुषच. कायद्यातली 'उत्पादक' ही व्याख्या कामावर आहे, सातबाऱ्यावर नाही. त्यांना बैठकीत बोलवा, सभासदही करून घ्या.

५. *ठरावात चार गोष्टी लिहा.* खर्चाची मर्यादा, मुदत, जबाबदार माणूस, आणि किती तोटा झाल्यावर थांबायचं.

६. *फळा लावा.* आलेला माल, विकलेला माल, दर, येणं बाकी. दर आठवड्याला आकडे बदला. तोटा असेल तर तोही लिहा.

अध्यक्ष किंवा सीईओ बदलताना काय ताब्यात घ्यायचं?

आमच्याकडं अध्यक्षांना अचानक मोठ्या ऑपरेशनसाठी शहरात न्यावं लागलं. सगळे ओटीपी त्यांच्या मोबाइलवर, डिजिटल सही त्यांच्या कपाटात, पासवर्ड त्यांच्या डोक्यात. दवाखान्यात असलेल्या माणसाला ओटीपी विचारायची वेळ आली, आणि त्या गडबडीत विवरणपत्रांची तारीख गेली. दोष त्यांचा नव्हता. दुसरा कुणी तयार करायचं आम्हालाच सुचलं नाही. म्हणून ही यादी:

- बँक खात्यावर किमान दोन सह्या. बदलाचा ठराव आणि बँकेची पोच.
- कंपनी विभागाच्या पोर्टलचं आणि जीएसटीचं लॉगिन. कंपनीच्या नावाचं वेगळं सिमकार्ड आणि ईमेल.
- डिजिटल सही कुणाची, मुदत कधी संपते.
- संचालक बदलल्यावर ३० दिवसांत डीआयआर-१२ फॉर्म.
- सभेनंतर ३० दिवसांत हिशेबाचा एओसी-४ आणि ६० दिवसांत एमजीटी-७. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर ७३,००० रुपये नुसते दंडात. सलग तीन वर्षं भरले नाहीत तर संचालक अपात्र ठरू शकतात.
- खत, बियाणं, औषधांचे परवाने कुणाच्या नावावर आणि कधीपर्यंत.
- सभासद रजिस्टर, भाग दाखले, इतिवृत्ताच्या वह्या.
- कर्ज, तारण, विमा, अनुदानाची कागदपत्रं.
- गोदामातला माल प्रत्यक्ष मोजून, दोघांच्या सहीनं.
- व्यापाऱ्यांकडचं येणं आणि शेतकऱ्यांचं देणं, नावानिशी.

जुने अध्यक्ष हंगामभर सोबत राहिले तर फार बरं. त्यांच्या ओळखीचा व्यापारी नव्या माणसाला ओळखत नसतो. "तुमचं झालं, आता घरी बसा" असं म्हणून ज्यानं कंपनी उभी केली त्याला दुखावू नका. आणि जुन्या अध्यक्षांनीही रोज काट्यावर येऊन बसू नये.

सभासदानं सभेत विचारायचे सात प्रश्न

१. व्यवस्थापनाचं अनुदान कधी संपतंय किंवा संपलं? त्यानंतर पगार कुठून?
२. गेल्या वर्षी किती सभासदांनी प्रत्यक्ष माल घातला?
३. क्विंटलमागं कंपनीला किती सुटलं?
४. या वर्षी संचालक मंडळाच्या किती बैठका झाल्या? कोण किती वेळा हजर होतं?
५. एओसी-४ आणि एमजीटी-७ भरले का? पावती दाखवा.
६. संचालकांकडं कंपनीचं काही येणं आहे का?
७. उद्या अध्यक्ष महिनाभर नसले तर काटा कोण सुरू करेल?

सातव्या प्रश्नाला संचालकांपैकी दोघांनी जरी लगेच आणि एकसारखं उत्तर दिलं, तर कंपनी बरी चाललीय समजा. सगळ्यांनी अध्यक्षांकडं बघितलं तर कामाला लागा.

बहुतेक कंपन्यांच्या सभा ऑगस्ट-सप्टेंबरात होतात. सोयाबीन काट्यावर यायच्या आधीचा हाच वेळ हातात असतो. सभेला चहासाठी नव्हे, हिशेबासाठी जा. प्रश्न विचारला म्हणून कुणी रागावलं तरी चालेल. शेअरचे पैसे आपण भरलेत, आणि कंपनी बंद पडली तर परत त्याच अडतीवर आपल्यालाच उभं राहायचंय.